ब्राह्मीची डबी

“वहिनी, परत एकदा. फ्लॅश उडाला नाही,” फोटोग्राफर म्हणाला.

माझी ताई चौथ्यांदा वाकली. पहिल्या वेळी तिचा पदर आड आला होता, दुसऱ्या वेळी तिच्या सासऱ्यांचे डोळे मिटले होते. सासरे म्हणजे तात्या, निवृत्त हेडमास्तर. ऐंशी वर्षं आठ महिने पुरे केल्याबद्दल त्यांचं सहस्रचंद्रदर्शन चाललं होतं. ते स्टेजवर सोनेरी खुर्चीत बसले होते. गळ्यात हार, अंगात रेशमी सदरा, आणि पाय पुढे. तात्यांचे पाय तसे कायमच पुढे असायचे. दारावरची बेल वाजली की ते आधी पाय पुढे करत आणि मग कोण आलंय ते विचारत.

चौथ्या नमस्काराला फ्लॅश उडाला. ताई मात्र सरळ झालीच नाही. ती तशीच गुडघ्यांवर बसली, मग एका कुशीवर कलंडली. तोंड चुन्यासारखं पांढरं पडलेलं आणि कपाळावरून घाम निथळत होता.

“झालं हिचं सुरू,” माझ्यामागून एक आत्याबाई म्हणाल्या. “आज तरी नको होतं गं.”

सुरू झालं ते काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि त्यातली चार ताईला हा त्रास होता. ती वाकली की छाती धडधडायची, डोकं फुटायला यायचं, अंग घामाने भिजायचं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं शांत. सासरी याचं निदान त्रासाच्या पहिल्याच महिन्यात झालं होतं: नमस्कार चुकवायची नाटकं. पुरावाही भक्कम होता. खुर्चीत बसून भाजी निवडताना हिला काही होत नाही, मोठ्यांच्या पाया पडतानाच कसं होतं? त्यावर तात्यांनी उपाय दिला, रोज पहाटे बारा सूर्यनमस्कार. वाकल्यावर ज्या बाईला मरणप्राय होतं, तिने दिवसाची सुरुवात बारा वेळा वाकून करायची. ती चौथ्यापर्यंत जायची आणि मग न्हाणीघराला कडी लावून बसायची. आमच्या आईने तिला पत्रातून सल्ला दिला होता, “जरा जमवून घे.”

मी मुलीचा भाऊ. औषध कंपनीत एम. आर. होतो, म्हणजे डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन बसणारा. माझ्याकडे औषधांची नावं भरपूर होती आणि अधिकार कुठलाच नव्हता. ताईच्या सासरी मला मान होता तो वेगळ्याच कारणाने. माझं मराठी बरं होतं. त्या दिवशीचं तात्यांचं मानपत्र मीच लिहिलं होतं आणि अर्ध्या तासापूर्वी मीच ते वाचून दाखवलं होतं. सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या त्या या वाक्याला: ‘ज्यांच्या ओठांना आजवर एकाही इंग्रजी गोळीचा स्पर्श झालेला नाही, असे हे आरोग्याचे चालतेबोलते विद्यापीठ.’ टाळ्या थांबल्यावर तात्यांनी हाताने खूण केली, परत वाचा. मी परत वाचलं.

हे सगळं सोनगिरीच्या डोंगरावर, देवस्थानाच्या मंगल कार्यालयात. तालुक्याचं गाव खाली, मध्ये पस्तीस किलोमीटरचा घाट. वर औषधाचं दुकान नाही. प्रसादाची अकरा होती.

“बाजूला व्हा, बाजूला व्हा,” म्हणत मोहनीराज स्टेजवर चढले. तात्यांचे जावई. त्वचारोगतज्ज्ञ. घरात डॉक्टर जावई असला की तो शरीराच्या सगळ्या भागांचा होतो. त्यांनी ताईचं मनगट धरलं, घड्याळात बघितलं. “दीडशे. धडधड आहे. घाबरलीय, बाकी काही नाही.” पाकिटातून एक गोळी काढून त्यांनी तिच्या तोंडात घातली. वीस मिनिटांनी परत मनगट धरून लोकांकडे वळले. “नव्वद! बघा.”

लोकांनी बघितलं. काहींनी मान डोलावली. जावयाने सांगितलेली नाडी आमच्याकडे कोणी परत मोजत नाही.

पण या वेळी ताईचं दहा-पंधरा मिनिटांत शांत झालं नाही. ओठ निळसर दिसू लागले आणि तिला धाप लागली. तिला स्टेजच्या कडेला सतरंजीवर घेतलं, पाठीशी लोड दिले. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, तिच्या डोक्यावरचा पंखा वाढवून आले. पंखा आधीच पाचवर होता.

डोंगरावरच्या आरोग्यकेंद्रातून डॉक्टरीणबाईंना बोलावलं ते आमच्यापैकी कोणी नाही. आचाऱ्याने बोलावलं. तो लाडू वळायचे सोडून आला होता. “ही तर विंचू चावल्यासारखी दिसतीय,” म्हणाला आणि आपला माणूस त्याने पिटाळला.

त्या आल्या. डॉ. शबाना मुजावर. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, पायात साध्या चपला, काखेत प्रेशरचं यंत्र. मोहनीराजांनी त्यांना आपलं नाव पदव्यांसकट सांगितलं. त्यांनी पट्टा गुंडाळला, फुगवला, कान लावला, परत फुगवला.

“अडीचशेवर दीडशे,” त्या म्हणाल्या. “सर, काय दिलंत यांना?”

“प्रोप्रॅनोलॉल. चाळीस. नाडी लगेच उतरली.”

मुजावर मॅडमनी क्षणभर डोळे मिटले. “नाडी उतरली, सर. प्रेशर चढलं. यांच्या अंगभरच्या शिरा आवळल्यात. आधी त्या सैल करायच्या असतात. तुम्ही आधी हृदय आवरलंत. आता शिरा सुटत नाहीत आणि हृदयाला त्यांच्याविरुद्ध जोर लावता येत नाही. छातीत पाणी भरायला लागलंय.”

“मी बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय.”

“हो सर.” त्या आमच्याकडे वळल्या. “हे कशाने सुरू होतं?”

घरातली गोष्ट बाहेरच्या बाईला कशी सांगायची!

“नमस्काराने,” मी म्हणालो.

मागे एक-दोघं हसले. त्या हसल्या नाहीत.

“म्हणजे वाकल्यावर?”

“हो. चार वर्षं.”

“विंचू चार वर्षं, तोही फक्त नमस्काराच्या वेळी चावत नाही,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “मूत्रपिंडाच्या वर एक ग्रंथी असते. तिथे गाठ झाली असेल तर वाकलं की ती दाबली जाते आणि विंचवाच्या विषाने होतं तेच सगळं आतल्या आत होतं. तपासल्याशिवाय खात्री देता येणार नाही. पण औषध तेच. प्राझोसिन.”

“मग द्या ना,” भाऊजी म्हणाले.

“संपलंय. गेल्या आठवड्यात विंचवाचे तीन पेशंट आले. खालून मागवलंय, आलेलं नाही. जीप बाहेर उभी करा. पण या प्रेशरवर घाट उतरवला तर मधेच काहीतरी होईल. मेंदूत रक्तस्राव होईल, नाहीतर छाती भरेल.” त्या उठून हॉलकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, “प्राझोसिन नावाची गोळी आहे का कोणाकडे? काहीजण प्रेशरसाठी घेतात. वयस्कर पुरुषांना लघवी अडत असेल तर त्यासाठीही देतात. विचारा एकमेकांना. लवकर.”

हॉलमध्ये दीडशे माणसं. एकदम गलका झाला. पर्स उपड्या झाल्या, खिसे चाचपले गेले. मी औक्षणाचं एक रिकामं ताट उचललं आणि रांगारांगांतून फिरलो. ताटात गोळ्या पडू लागल्या. साखरेच्या, आम्लपित्ताच्या, गुडघ्याच्या, प्रवासात मळमळू नये म्हणून घ्यायच्या. एका आजोबांनी इसबगोलाची पुडी टाकली आणि माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, “हिने कधी अपाय होत नाही.” मी प्रत्येक पट्टी उजेडात धरून वाचत होतो. प्राझोसिन नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. प्राझोसिन त्या हॉलमध्ये होतं. ते तात्यांच्या रेशमी सदऱ्याच्या उजव्या खिशात, ‘ब्राह्मी वटी’ असं छापलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत होतं. तिथे ते आहे हे मला माहीत होतं, कारण ती डबी दर महिन्याला मीच भरत होतो.

दोन वर्षांपूर्वी तात्यांनी मला अंगणात गाठलं होतं. आधी त्यांनी माझ्या नोकरीची चौकशी केली, मग हवापाण्याची, मग म्हणाले, “तुमच्या कंपनीचं वयपरत्वे होणाऱ्या गोष्टींवर काही असतं का?” मी त्यांना माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गुपचूप घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी एक मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. ती नेमकी आमच्याच कंपनीची निघाली. नमुन्याच्या पट्ट्या माझ्या बॅगेत असायच्याच. त्या फोडून सुट्या गोळ्या ब्राह्मीच्या डबीत भरायच्या ही कल्पना तात्यांची. शिक्षकाची कल्पकता ती. त्यांनी मला जानव्याची शपथ घालून ठेवली होती. स्वतःच्या नाही, माझ्या.

मी ताट खाली ठेवलं आणि स्टेजवर गेलो. सगळे ताईभोवती जमले होते. सोनेरी खुर्चीशी आम्ही दोघंच. शेजारच्या लहान खुर्चीत माई, तात्यांची बायको, गळ्यात त्यांच्यापेक्षा लहान हार.

“तात्या, डबी द्या.”

“कसली?”

“ब्राह्मीची.”

“ब्राह्मी स्मरणशक्तीसाठी असते. तिला काय उपयोग?”

“तात्या, मीच भरतो ती.”

त्यांनी आवाज खाली आणला. “तुमच्या बॅगेत नाहीत?”

“बॅग घरी आहे. मी समारंभाला आलोय.”

“मग असं करा. एक्क्याऐंशी दिव्यांचं औक्षण तेवढं राहिलंय, ते होऊ दे. मी खोलीत जातो, तिथून पाठवतो. तुम्ही सांगा, तुमच्या खिशात निघाल्या.”

“तिला श्वास घेता येत नाहीये.”

“चार वर्षं येत नाहीये. आणि दहा मिनिटांत बरी होते.” मग त्यांनी वर्गातल्यासारखं बोट वर केलं. “तुम्ही मुलीकडचे आहात. आवाज वाढवू नका.”

मी आवाज वाढवला नाही. मी त्यांच्या खिशात हात घातला. रेशमी खिशातून डबी सहज निघाली. तात्यांनी माझं मनगट पकडलं. जन्मभर सूर्यनमस्कार घातलेला हात होता तो, मानपत्रातला तेवढा भाग अगदी खरा होता. मी हिसका दिला. हार तुटला आणि झेंडू स्टेजभर झाले.

“अरे! अरे!” आता सगळा हॉल आमच्याकडे बघत होता.

मुजावर मॅडमनी डबी हातात घेतली, झाकण वाचलं. “ही ब्राह्मी आहे.”

“आत प्राझोसिन आहे. एक मिलिग्रॅम.”

“तुम्ही डॉक्टर?”

“एम. आर.”

त्यांनी चार गोळ्या तळहातावर ओतल्या. “सुट्या, पांढऱ्या. अशा दिसणाऱ्या गोळ्या शेकड्याने आहेत. चुकीची गेली तर आत्ता, या क्षणी जीव जाईल यांचा. कोणाच्या आहेत?”

“तात्यांच्या,” मी म्हणालो. या वेळी मात्र आवाज वाढला. “त्यांना लघवीचा त्रास आहे. दोन वर्षं रोज घेतात.”

मानपत्राच्या वेळी पसरली होती तशीच शांतता पसरली. फक्त टाळ्या नव्हत्या.

“खोटं आहे,” तात्या उभे राहत म्हणाले. “साफ खोटं. ह्या गृहस्थाने आजच्या दिवशी माझी बेअब्रू करायला…”

“काका,” मॅडम म्हणाल्या, “यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्या वयाच्या निम्म्या पुरुषांना असतं. फक्त हो किंवा नाही सांगा.”

“नाही.”

मॅडमनी भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी बायकोकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, खाली पडलेल्या झेंडूंकडे बघितलं. ताईच्या घशातून आता बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. ते म्हणाले, “तात्या खोटं बोलणार नाहीत.”

मॅडमनी गोळ्या परत डबीत टाकायला सुरुवात केली. एक पडली. दुसरी पडली. मी काय काय बोललो ते मला आठवत नाही. त्यातलं बरंचसं मानपत्राच्या भाषेत नव्हतं.

“खरं आहे ते.”

आवाज इतका हलका होता की कोण बोललं ते पटकन कळलं नाही. माई बोलल्या होत्या. चोपन्न वर्षांच्या संसारात त्या चार लोकांत बोलल्याचं कोणालाही आठवत नव्हतं.

“त्यांच्याच आहेत. मला वाटायचं ब्राह्मीच. पण पहिली गोळी घेतली त्या दिवशी अंथरुणातून उठले आणि न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडले. मी उचललं. सगळ्यांना सांगितलं, सूर्यनमस्कार घालताना पाय घसरला. ब्राह्मीने कोणी पडत नाही, एवढं मला समजतं.”

“पहिल्याच गोळीनंतर? उठताना?” मॅडमनी विचारलं.

“पहिल्याच.”

“मग हीच. ही पहिल्यांदा घेतली की उठताना प्रेशर एकदम उतरतं.”

त्यांनी गोळ्या ताईच्या जिभेवर ठेवल्या, घोटभर पाणी पाजलं, हात तिच्या हनुवटीखाली धरून ठेवला. मग दर पाच मिनिटांनी पट्टा फुगवत बसल्या. अडीचशे. दोनशे चाळीस. परत दोनशे चाळीस. दोनशे दहा. पाऊण तासाने एकशे सत्तर झालं तेव्हा ताईला जीपमध्ये घातलं आणि मॅडम पट्टा न सोडता तिच्याशेजारी चढल्या. मागे कार्यालयात एक्क्याऐंशी दिवे लागले होते. तूप घालून ठेवलं होतं, ते वाया कशाला घालवायचं, असं कोणीतरी म्हणालं म्हणे.

गाठ निघाली. डाव्या मूत्रपिंडाच्या वर, लिंबाएवढी. तीन आठवडे ताईला तशाच गोळ्यांवर ठेवून प्रेशर ताब्यात आणलं, मग ऑपरेशन झालं. सर्जननी काचेच्या बरणीत ठेवलेलं ते नाटक आम्हाला दाखवलं.

पुढचं सांगायचं तर मोहनीराज अजूनही लग्नकार्यात सांगतात की पहिला उपचार वेळेवर मिळाला म्हणून केस वाचली. मुजावर मॅडमविरुद्ध देवस्थानाच्या कोणा विश्वस्ताकडून अर्ज गेला, वयोवृद्ध सत्कारमूर्तींना जाहीररीत्या अपमानास्पद प्रश्न विचारले म्हणून. त्यांची बदली झाली. मानपत्र चौकटीत घालून दिवाणखान्यात लागलं, त्या वाक्यासकट. तात्या माझ्याशी पुढे बारा वर्षं बोलले नाहीत. गोळ्या मी पाठवत राहिलो, माईंच्या हाती. डबीवर ब्राह्मीच लिहिलेलं असायचं.

ताई दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी मी बरोबर होतो. तात्या झोपाळ्यावर बसले होते. तिला बघताच त्यांनी सवयीने पाय पुढे केले. ताई समोर उभी राहिली.

“अजून त्रास होतो का वाकताना?” त्यांनी विचारलं.

“नाही,” ताई म्हणाली. “आता छान वाकता येतं.” आणि आत गेली.

इतकी वर्षं मी ही गोष्ट अशीच सांगत आलो. चार मित्रांत सांगितली की लोक तात्यांना शिव्या घालायचे. मीही त्यात माझी भर घालायचो आणि घरी येऊन शांत झोपायचो.

तात्या त्र्याण्णवाव्या वर्षी गेले. तेराव्याला कोणीतरी सहस्रचंद्रदर्शनाची कॅसेट काढली. तात्यांची आठवण म्हणून सगळ्यांनी मानपत्रापर्यंत बघितली आणि मग जेवायला उठले. ताई उठली नाही.

“राहू दे चालू,” ती म्हणाली. “बस.”

व्हिडिओवाल्याला त्या गडबडीत थांब म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं. तो शूटिंग करत राहिला होता. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. अकरा बेचाळीसला मुजावर मॅडम हॉलकडे वळून गोळीचं नाव घेतात. मी स्टेजपासून चार पावलांवर उभा आहे. मी तात्यांकडे बघतो. तात्या छताकडे बघतात. मग मी ताट उचलतो.

अकरा चव्वेचाळीस, मी बायकांच्या रांगेत. सेहेचाळीस, इसबगोल. अठ्ठेचाळीसला मी एक पट्टी खिडकीच्या उजेडात धरून दोन्ही बाजूंनी वाचतोय. माझ्याइतक्या तळमळीने त्या हॉलमध्ये दुसरं कोणी शोधत नव्हतं. मी स्टेजची पायरी चढतो तेव्हा घड्याळात अकरा एक्कावन्न झालेले असतात.

नऊ मिनिटं. आणि मी तर कायम सांगत आलो होतो की ऐकल्याबरोबर मी तात्यांकडे धावलो.

“ताई…” मी म्हणालो.

तिने पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे सतरंजी होती, लोड होते, आणि तिचा पांढरा चेहरा. डोळे उघडे. चेहरा हलत नव्हता, पण डोळे हलत होते. डावीकडून उजवीकडे, मग परत डावीकडे, ताट जाईल तसे.

“डबी मला ठाऊक होती रे,” ती म्हणाली. “त्यांचे सदरे मीच धुवायचे. तुझ्या कंपनीच्या गोळीवर मधोमध रेघ असते. तू घरी सगळ्यांना दाखवायचास.”

“मग तू…”

“श्वास नव्हता बोलायला. म्हणून तुझ्याकडे बघत होते.” तिने कॅसेट मागे नेली, बेचाळीसवर थांबवली, परत सुरू केली. “एकेक पर्स उघडायचास ना, दर वेळी वाटायचं, आता वळेल.”